पोर्टल घ्यावं का? आमच्या घरचा हिशोब



गेल्या दोन महिन्यांत तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला. एकीने स्वाध्यायानंतर मंदिराच्या पायरीवर, एकीने फोनवर आणि एकीने चक्क लग्नाच्या मांडवात. "नातू पोर्टल मागतोय, सून म्हणते घेऊया, तुमच्याकडे आहे म्हणे. घ्यावं का?" तिघींना तुकड्यातुकड्यांत उत्तर दिलं. आता एकदाच सविस्तर लिहिते.

ज्यांना हे काय प्रकरण आहे तेच माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. टीव्हीला जोडून खेळायचा सोनी कंपनीचा पीएस ५ नावाचा डबा असतो, तो आता बऱ्याच घरांतून दिसतो. प्लेस्टेशन पोर्टल हे त्याच कंपनीचं हातात धरायचं यंत्र. मध्ये आठ इंची पडदा आणि दोन्ही बाजूंना खेळायच्या रिमोटचे दोन अर्धे भाग. परदेशात ते नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं, आपल्याकडे ३ सप्टेंबर २०२४ ला, किंमत १८,९९० रुपये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात कुणी धड सांगत नाही. आम्ही चौकशीला गेलो त्या दुकानातल्या मुलाने तर "मॅडम, कुठेही न्या, कुठेही खेळा" असंच सांगितलं. हे यंत्र स्वतः काहीही खेळत नाही! खेळ चालतो तो हॉलमधल्या पीएस ५ वरच. तिथून चित्र आणि आवाज वायफायवरून पोर्टलवर येतो आणि मुलाने दाबलेलं बटण वायफायवरूनच परत डब्याकडे जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वयंपाक ओट्यावरच होतो, ताट तेवढं खोलीत येतं. ओटा थंड असेल तर ताट रिकामं. घरात पीएस ५ नसेल तर आपल्याकडे पोर्टल म्हणजे आठ इंची शोभेची वस्तू.

इथे एक इशारा देते. यूट्यूबवर अमेरिकेतली मंडळी सांगतात की आता डब्याशिवायही पोर्टलवर खेळता येतं. त्यांचं खरं आहे, पण त्यांच्यापुरतं. नोव्हेंबर २०२४ पासून तिकडच्या प्रीमियम वर्गणीदारांना खेळ थेट कंपनीच्या संगणकांवरून मिळू लागले. आपल्याकडे ती प्रीमियम वर्गणीच नाही, वरचा वर्ग डिलक्स नावाचा आहे आणि त्यात ही सोय येत नाही. तेव्हा त्या व्हिडिओंवर विसंबून पैसे भरू नका.

आता आमच्या घरचं. ह्यांचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांची कॉट हॉलमध्ये आहे. वरच्या मजल्यावर जाणं बंद. टीव्ही हॉलमध्ये, तो एकच, आणि पीएस ५ त्याच टीव्हीखाली. आपल्या घरांमधून सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात, त्यामुळे आपली संध्याकाळ इतरांपेक्षा लांब असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. साडेसहाला भांडी आवरून झाली की नऊ-साडेनऊपर्यंत सगळे मोकळे. ह्यांना सातला प्रवचन लागतं, मग बातम्या. नातवाचा क्लास सातला सुटतो, त्याला साडेसात ते साडेआठ खेळायचं असतं. तो तेरा वर्षांचा आहे, दिवसभर शाळा, क्लास, गृहपाठ. त्याची मागणी अवाजवी नाही. पण कॉटवरून हलता न येणाऱ्या माणसाच्या हातातून टीव्हीचा रिमोट कोण काढून घेणार? नातू बिचारा तोंडाने काही म्हणायचा नाही, नुसता सोफ्यावर बसून राहायचा. ह्यांना ते कळायचं. मग हेच प्रवचन अर्ध्यावर बंद करून "खेळ बाळा" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. रोज संध्याकाळी दोघांपैकी एकाचं मन मोडत होतं.

सूनबाईने पोर्टलचं नाव काढलं ते यातून. मुलगा म्हणाला, "आई, पीएस ५ ला चोपन्न हजार नऊशे नव्वद घातलेच आहेत, त्यात अजून एकोणीस काय मोठे?" मी बी. कॉम. आहे, दुकानाच्या वह्या लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. त्याला म्हटलं, आधी घातलेला पैसा हा पुढच्या खर्चाचं कारण कधीच होत नाही. तो गेला. एकोणीस हजार म्हणजे मूळ डब्याच्या किमतीच्या जवळजवळ पस्तीस टक्के. प्रश्न एवढाच, की या नव्या एकोणीस हजारांनी नवं काय मिळणार?

म्हणून मी आधी फुकटचा उपाय शोधायला लावला. रिमोट प्ले नावाचं सोनीचंच ॲप आहे, ते फोनवर, टॅबवर, लॅपटॉपवर चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. काम तेच, जे पोर्टल करतं. पीएस ५ चा रिमोट ब्लूटूथने टॅबला जोडायचा आणि खेळायचं. घरात सूनबाईचा जुना टॅब होता. म्हटलं, पंधरा दिवस यावर चालवून बघा, मग बोलू. तुम्हालाही माझा पहिला सल्ला हाच. दुकानाची पायरी चढण्याआधी हे करा. तुमच्या घरचं वायफाय या कामाला पुरतं की नाही हे या पंधरा दिवसांत कळतं, आणि ते पोर्टल घेतल्यानंतर कळण्यापेक्षा बरं. टॅबवर चित्र तुटत असेल तर पोर्टलवरही तुटणार, कारण वायफाय तेच आणि डबाही तोच.

आमच्याकडे पहिले दोन दिवस तुटलंच. कंपनी म्हणते किमान ५ एमबीपीएस वेग हवा, चांगलं चालायला १५. आमचं कनेक्शन त्याच्या कितीतरी वर आहे, तरी चेंडू बॅटला लागून गेल्यावर मग बॅट फिरायची! मुलाने बघितलं तर राउटर आणि पीएस ५ दोघंही वायफायवरच बोलत होते. दोघांमध्ये दीड मीटरची केबल टाकली, आणि टॅबला राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडलं. खालच्या मजल्यावर एकदम सुरळीत. वरच्या खोलीत मात्र मधला स्लॅब आडवा येतो, तिथे जेमतेम. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो पण भिंती-स्लॅबमधून तो फारसा जात नाही, जुन्या जाड भिंतींच्या वाड्यात तर नाहीच. ज्यांची घरं तशी आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फुकटात काम झालं, मग पैसे का घालवले? सांगते.

पहिलं कारण सूनबाईने हेरलं. टॅबवर फक्त खेळ नसतो. खेळ लोड होईतो पोरगं यूट्यूबवर, तिथून त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंवर, मध्येच मित्रांचे मेसेज. साडेसातला बसलेला मुलगा साडेआठला उठला तरी त्यातली वीस-पंचवीस मिनिटं खेळात गेलेलीच नसायची. मग "माझा खेळ झालाच नाही" म्हणून अजून वेळ मागायचा, आणि त्याचंही खोटं नव्हतं. पोर्टलवर यातलं काहीच नाही. यूट्यूब नाही, सिनेमे नाहीत, व्हॉट्सॲप नाही. खेळ सोडून त्याला काही येत नाही. लोक हे त्याचं उणं म्हणून सांगतात. मला विचाराल तर तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायच्या वस्तूचा तो सर्वात मोठा गुण आहे. एकोणीस हजारांत मी पडदा घेतला नाही, बाकीच्या सगळ्याची गैरहजेरी घेतली.

दुसरं कारण माझं. टॅबच्या त्या पंधरा दिवसांत नातू वर गेला. वर नीट चालत नव्हतं तरी गेला, कारण खोली त्याची. हॉलमध्ये शांतता. ह्यांचं प्रवचन अखंड चालू, हवं होतं तसंच. चौथ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "पोरगं कुठं असतं हल्ली?" मग सातव्या-आठव्या दिवसापासून साडेसातलाच डोळे मिटायला लागले, आणि रात्री दोनला टक्क जागे. दिवसभरात घरचं माणूस निवांत असं ह्यांच्याजवळ बसायचं ते त्या एका तासातच. मी स्वयंपाकघरात आणि फिजिओच्या मागे, सून नोकरीवरून दमलेली, मुलगा आठला येतो. टीव्हीवरून कुरबूर होती, पण त्या कुरबुरीत दोघं एका खोलीत तरी होते. ह्यांना त्या क्रिकेटच्या खेळातलं काही कळत नव्हतं, तरी "किती झाले रे?" विचारायचे.

तेव्हा मी अट घातली. पोर्टल येईल, पण खेळायचं हॉलमध्येच, आजोबांच्या कॉटपाशी. वर न्यायचं नाही. मुलगा हसला, "आई, दूरवरून खेळता यावं म्हणून तर ते यंत्र आहे." असेल. आमच्या घरी ते डब्यापासून चार फुटांवर चालतं. वायफायही तिथेच सर्वात चांगलं. ह्यांचं प्रवचन टीव्हीवर, नातवाचा खेळ हातात, आणि वायरचा हेडफोन एका कानात, दुसरा कान आजोबांना. निम्मे पैसे मुलाने घातले, निम्मे नातवाने वाढदिवसांना साठलेल्या पाकिटांतून. स्वतःचे पैसे गेले की वस्तू सोफ्यावर फेकली जात नाही, हा माझा जुना अनुभव.

हिशोबाची सवय जात नाही म्हणून हेही मांडते. आठवड्यातून पाच दिवस एक तास धरला आणि यंत्र तीन वर्षं टिकलं, तर ७८० तास होतात. तासाला साधारण चोवीस रुपये. पर्याय म्हणून बत्तीस इंची छोटा टीव्ही दहा-बारा हजारांत येतो, तो स्वस्त पडला असता. पण मग पीएस ५ रोज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा, नाहीतर कायमचा वर ठेवायचा. म्हणजे पुन्हा पोरगं वर, दार बंद. ज्या घरात माणसं भरपूर आहेत आणि टीव्ही दोन आहेत, त्यांना हे यंत्र घ्यायचं काही कारण दिसत नाही. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना डिस्कवाला डबा आणि पोर्टल मिळून आम्ही बघितलेल्या किमतींनी ७३,९८० रुपये. त्या रकमेत सातवीच्या मुलाला चांगली सायकल, क्रिकेटचा क्लास आणि वरून बरंच काही येईल.

आता तो प्रश्न, जो आपल्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकूंनी मला जरा जोरातच विचारला. "नातवाच्या हातात हिंसेचं साधन देतेस?" काकूंचा मुद्दा मी उडवून लावत नाही. अनर्थदंडाचे पाच प्रकार आपण पाठ म्हणतो, त्यात हिंसादान आहे आणि अपध्यानही आहे. नातवाचं म्हणणं वेगळं होतं. "आज्जी, ते खरं कुठं असतं? नुसती चित्रं." त्याला मी यशोधर राजाची गोष्ट सांगितली. सोमदेवसूरींचा यशस्तिलक दहाव्या शतकातला, पुढे कन्नडमध्ये जन्नानेही ती लिहिली, आणि आमच्याकडे सीमाभागात आज्या ती तोंडी सांगत. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई चंद्रमती राजाला देवीपुढे बळी द्यायला सांगते. राजा जिवंत प्राणी मारायला तयार होत नाही. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करतात आणि त्याच्यावर शस्त्र चालवतात. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा भाव खरा होता, आणि त्यापायी मायलेकांना मोर, कुत्रा असे तिर्यंचाचे जन्म घेत किती फिरावं लागलं. नातू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे बंदुकीचा नको, गाडीचा चालेल."

एवढं मला पुरे होतं. पिठाला दोष नाही, पिठाच्या चपात्याही होतात. यंत्राचंही तसंच आहे असं मी मानते. त्यावर काय चालतं ते बघायचं. आमच्याकडे क्रिकेट २४, ग्रॅन तुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा, आणि तो छोट्या रोबोचा ॲस्ट्रो बॉट. डब्यावर १८ लिहिलेला कुठलाही नाही. पीएस ५ मध्ये मोठ्यांच्या खात्यावरून मुलाच्या खात्याला वयाची मर्यादा घालता येते, रोज किती वेळ खेळायचं तेही ठरवता येतं. खेळ डब्यावरच चालत असल्याने ती मर्यादा पोर्टलवरही लागू पडते, वेगळं काही करावं लागत नाही. काकूंचं यावर समाधान झालं असं मी म्हणणार नाही. त्यांना तर शर्यतीत दुसऱ्याला मागे टाकायची इच्छाही खटकते. असो, तितकं शुद्ध ध्यान माझं सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटंही टिकत नाही.

परिग्रहाचंही एकीने विचारलं. मी दर चातुर्मासात नव्या वस्तूंचं परिमाण वहीत लिहिते, आणि हे यंत्र त्यात बसवण्यासाठी माझी यंदाची मिक्सर बदलायची ओळ खोडली. पण परिग्रहाचं माप आपल्याकडे वस्तूंच्या संख्येवर नाही, मूर्च्छेवर आहे. म्हणून दशलक्षणात दहा दिवस यंत्र कपाटात गेलं. पहिले दोन दिवस नातवाची घालमेल, तिसऱ्या दिवशी आजोबांशी बुद्धिबळ. अकराव्या दिवशी बाहेर काढलं तेव्हा बॅटरी संपलेली होती, आणि त्याच्याआधी ते मलाच आठवलं.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या मला आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. यात ब्लूटूथ नाही. घरातले बिनवायरचे साधे इअरफोन त्याला जोडले जात नाहीत. कंपनीचे खास महागडे घ्या, नाहीतर आमच्यासारखा वायरचा लावा, तीनशेत काम होतं. सिमकार्डही नाही, म्हणजे गाडीत, एसटीत काही नाही. फोनचा हॉटस्पॉट लावून चालतं म्हणतात, पण तेव्हा घरच्या इंटरनेटचा वर पाठवायचा वेगही लागतो आणि घरी डबा पूर्ण बंद न करता रेस्टमध्ये ठेवावा लागतो. कुंभोज-बाहुबलीला जाताना नातवाने हा प्रयोग करूया म्हटलं होतं. मी म्हटलं, डोंगरावर भगवंतांची एवढी उंच मूर्ती आहे, तुझा आठ इंची पडदा तिच्यापुढे कशाला? ते घरीच राहिलं.

वीज गेली की पोर्टलची बॅटरी भरलेली असूनही खेळ बंद, कारण डबा आणि राउटर दोन्ही विजेवर. आमच्याकडे मंगळवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा हे हटकून होतं. आणि पडदा हा पडदाच आहे. हेडफोन आणि तासाभराचा नियम नसेल तर डोळ्यांचा आणि मानेचा प्रश्न टॅबइतकाच.

आता तिघींना उत्तरं. मंदिराच्या पायरीवर विचारलेल्या ताईंना: तुमच्या घरी पीएस ५ नाही, नातू पोर्टलवरच सगळं चालतं असं सांगतोय. त्याला मित्राकडून अर्धवट कळलंय. घेऊ नका. फोनवाल्या वहिनींना: तुमच्याकडे टीव्ही एक, घर एका मजल्याचं, सासूबाई संध्याकाळी मालिका बघतात. आधी ॲप लावून बघा, राउटरची केबल टाका, आणि मग सूनबाईंना ठरवू दे. मांडवात विचारलेल्या मैत्रिणीला जरा निराश करते. तुझे नातू दोन, आणि तुला वाटतंय एक टीव्हीवर खेळेल, दुसरा पोर्टलवर. तसं होत नाही गं. डबा एक, तर खेळ एका वेळी एकच. एक पोर्टलवर बसला की दुसऱ्याला टीव्हीवर बातम्याच बघाव्या लागतील. त्या पैशांत दुसरा रिमोट घेऊन दे, तो पाच-सहा हजारांत येतो, आणि दोघांना टीव्हीसमोर एकत्र भांडू दे.